केस कोणाच्या पदरात

“सिपोरा, हिचा परकर कुठे वाळत घातलायस?” टांग्यातून उतरायच्या आधीच हसकेल भाऊजींनी विचारलं आणि आपल्या विनोदावर आपणच हसले.

एलिया अंगणात उभा होता. अंगात शर्ट होता, चड्डी होती, हातात गोट्या होत्या. पण पाठीवर दोन वेण्या होत्या, आणि भाऊजींना तेवढंच पुरलं.

“मी मुलगा आहे,” एलिया म्हणाला.

“परवा होशील. परवापर्यंत तू आमची एलाबाई.”

मागून जाऊबाई उतरल्या, दीनाबाई. पाटलीवर धूळ बसली का ते आधी बघितलं, मग पोराकडे. “हे म्हणतात ते खरंच आहे,” त्या म्हणाल्या. “मुंबईत असं पोर रस्त्यानं नेलं तर लोक थांबून बघतील.”

जाऊबाईंचं प्रत्येक वाक्य ‘हे म्हणतात’पासून सुरू व्हायचं. लग्नाआधी त्या स्वतः काय म्हणायच्या, ते कुणालाच आठवत नव्हतं.

हसकेल झिराडकर माझे थोरले दीर. मुंबईला रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क. वर्षातून एकदा गावी यायचे, ते गावाला आपलं दर्शन व्हावं म्हणून. उन्हातही कोट काढायचे नाहीत. वरच्या खिशात चांदीची दात कोरायची काडी असायची, आणि बोलताना ती ते अशी धरायचे की समोरच्याला वाटावं, आता आपल्याच दातात घालतात. माझे यजमान शालोम त्यांचे धाकटे भाऊ. अलिबागला दवाखान्यात कंपाउंडर होते, विषमज्वरात गेले. तेव्हा एलिया चार वर्षांचा होता. शालोमच्या माघारी भाऊजी दर महिन्याला तांदूळ पाठवत आणि दर पत्रात त्या तांदळाची आठवण करून देत. तांदूळ संपायचे, आठवण उरायची.

केसांचं असं होतं. एलियाच्या आधीची माझी मुलगी बारशाआधीच गेली. मग मी एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याला नवस बोलले होते की मुलगा होऊन जगला तर सहा वर्षं पुरी होईपर्यंत त्याच्या केसांना लोखंड लागू देणार नाही. आम्हा बेने इस्राएल लोकांत पूर्वी असे नवस पुष्कळ बोलत. मुदत भरली की पोराला मशिदीत न्यायचं (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो), हझान, आमचे धर्मगुरू, प्रार्थना म्हणणार, न्हावी केस उतरवणार, केसांच्या भारोभार चांदी मशिदीला, आणि केस वाहत्या पाण्यात. झिराडकरांच्या घरात आणखी एक रीत होती. कापलेले केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. आई समोर बसून पदर पसरते, केस पदरात झेलते आणि तीच ते पाण्यात सोडते. ‘पदर जिचा, पोर तिचं,’ असं जुन्या बायका म्हणत. मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

एलियाला सहा पुरी झाल्याचं कळवलं तसं भाऊजींचं पत्र आलं की सगळा खर्च मी करतो, केसांच्या भारोभार सोनं देतो. पत्रात सोनं होतं. रेवसला बोटीतून उतरेपर्यंत त्याची चांदी झाली होती.

जेवण झाल्यावर ओटीवर पान लावत भाऊजींनी विषय काढला. मी आत भांडी आवरत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. हुकूम द्यायचा असला की ते नेहमी हळू बोलायचे, म्हणजे आपण काम टाकून जवळ जावं.

मी गेले.

“परवा केस दीना पदरात घेईल,” ते म्हणाले.

“का?”

“अगं, तू विधवा. शुभकार्यात विधवेनं पुढे व्हायचं नसतं.”

“हे आपल्यात कुठे सांगितलंय?”

“सांगितलेलं नसलं तरी जनरीत असते.”

याच माणसानं दुपारी मी मलिद्यासाठी, हन्नाबीच्या नैवेद्यासाठी, पोहे निवडत होते तेव्हा मला अर्धा तास सुनावलं होतं. मलिदा काय, नवस काय, ही सगळी हिंदू शेजाऱ्यांची उचललेली थेरं. शहरात आपले सुधारलेले लोक असलं काही करत नाहीत. लोक आपल्याला हसतात. मग चव बघायला म्हणून त्यांनी नारळ-गूळ घातलेले पोहे तीनदा मागून घेतले. आणि आता शेजाऱ्यांकडचीच विधवेची रीत त्यांना बरी उपयोगी पडत होती. शेजाऱ्यांचं काय उचलायचं नि काय टाकायचं, याचं त्यांचं एक शास्त्र होतं. स्वतःला सोयीचं ते उचलायचं.

“एक दिवसाचा तर प्रश्न आहे,” दीनाबाई दारातून म्हणाल्या. “हे म्हणतात, तू मागे खांबाशी उभी राहा.”

“एक दिवसाचा नाही,” भाऊजी म्हणाले. “हिला सगळंच सांगून टाकलेलं बरं. सिपोरा, केस झाले की त्याच दिवशीच्या बोटीनं एलिया आमच्याबरोबर येतोय. भायखळ्याच्या शाळेत नाव घातलंय. वर्षा-दोन वर्षांत आम्ही इस्राएलला जाणार. कागदावर तो आमचा मुलगा म्हणून येईल. सोपं पडतं.”

मी जमिनीकडे बघत राहिले. ओटीवर शेण सारवून दोनच दिवस झाले होते, आणि भाऊजींच्या बुटांनी त्यावर टाचा उमटल्या होत्या.

“त्याला विचारलं?” मी म्हटलं.

“सहा वर्षांच्या पोराला काय विचारायचं?”

“मला?”

“तुला सांगतोय ना.”

“मी नाही देणार.”

त्यांनी काडी काढली. “खायला काय घालशील? शिवणावर? घर माझ्या नावावर आहे, ठाऊक आहे ना? मी काही तुला बाहेर काढत नाही. राहा. पण पोराचं वाटोळं मी होऊ देणार नाही. शालोमनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या भरल्या. याला मी माणूस करतो.”

शालोमबद्दल असं बोलायचा त्यांचा हा पहिला दिवस नव्हता. पण त्या दिवशी माझ्या मनात त्यांच्याविषयी जी एक भीती उरली होती, ती निघून गेली. तिच्या जागी जे आलं ते मला अजून सांभाळून ठेवता आलं आहे.

“नवस माझा आहे,” मी म्हटलं. “केस माझ्या पदरात घेईन असं मी हन्नाबीला बोललेय. तो कसा मोडू?”

भाऊजींना अशा प्रश्नाची वाटच होती. ट्रंकेतून त्यांनी शास्त्राचं मराठी पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि मशिदीत वाचावं तसं सूर लावून वाचू लागले. मुलगी बापाच्या घरी असताना नवस बोलली तर बाप तो मोडू शकतो. बायको बोलली तर ऐकल्या दिवशी नवरा तो मोडू शकतो. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

“कळलं? बाईचा नवस म्हणजे घरातल्या पुरुषाच्या मर्जीवर. बाप नाही, नवरा नाही. आता पुरुष कोण? मी.”

“पुढचं वाचा,” मी म्हटलं.

“पुढे काय? पुढे लढाया आहेत.” त्यांनी पुस्तक मिटलं. “झोप जा.”

माझे वडील दर शनिवारी आम्हा बहिणींना समोर बसवून शास्त्र वाचून दाखवत, आणि मध्येच थांबून ‘पुढे काय आलं होतं?’ म्हणून विचारत. उत्तर आलं नाही तर जेवायला उशीर. त्यामुळे मला पुढचं येत होतं. भाऊजींनी मधलं एक वाक्य ओलांडलं होतं. मुद्दाम ओलांडलं असं मी म्हणणार नाही, तेवढी हुशारी त्यांच्यात नव्हती. काही माणसं स्वतःपुरतं मिळालं की पुस्तक मिटतात.

दुसरा दिवस त्यांचा गाव फिरण्यात गेला. तेल्याच्या घाण्यावर, मशिदीच्या ओट्यावर, टांगेवाल्याजवळ, जो भेटेल त्याला ते सांगत होते की बिचारी विधवा आहे, पोराला मी नेतोय, शेवटी रक्ताचं नातं. संध्याकाळी पाणी भरायला गेले तर विहिरीवरच्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जशा मयताच्या घरच्या बाईकडे बघतात.

“तुला ‘डॅडी’ म्हणता येतं का रे?” रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी एलियाला विचारलं.

“कुणाला?”

“मला.”

एलियानं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तर हसकेलकाका.”

“शिकेल, शिकेल,” भाऊजी म्हणाले.

मधल्या खोलीत मी अंथरुणं घालायला गेले तर दीनाबाई कंदिलाजवळ एकट्या उभ्या होत्या. खास या कामासाठी घेतलेली हिरवी साडी नेसून बघत होत्या. पदर दोन्ही हातांत धरून पुढे पसरला होता, आणि त्या रिकाम्या पदरात बघत होत्या. मला पाहून त्यांनी तो पटकन खांद्यावर टाकला.

“हे म्हणतात, हिरवा बरा दिसेल.”

“दिसेल की.”

“त्याच्यासाठी खाट घेतलीय,” त्या म्हणाल्या. “खिडकीजवळ. रात्री उठतो का गं तो?”

“उठत नाही. पण हात लागतो त्याला. माझा हात पकडूनच झोपतो.”

“हे म्हणतात, मुलांना वेगळं झोपवावं.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

त्यांना तो प्रश्नच कळला नाही. मी अंथरुणं घालून बाहेर आले. बाईला बारा वर्षांत मूल नाही, याचं मला कधी हसू आलं नव्हतं. पण मूल असं उसनवार, दुसरीच्या दारातून, नवऱ्याच्या पाठीमागे उभं राहून घ्यायला येणाऱ्या बाईची मला तेव्हा किळस आली. खोटं का सांगू?

कार्याच्या दिवशी पहाटे मी एलियाला उठवलं आणि दोघं आमच्या अलिबागेकडच्या खंडाळ्याच्या टाप्याकडे निघालो. टापा म्हणजे तिथला खडक. एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गात गेला तेव्हा घोड्यांच्या टापा आणि रथाची चाकं या खडकावर उमटली, असं आमचे लोक मानतात. त्या काळी तिथे काही बांधलेलं नव्हतं. झाडी, खडक, आणि एखाद्या नवसाच्या ताटातलं सुकलेलं फूल.

वाटेतल्या ओढ्यावर मी एलियाचे केस सोडून धुतले. पाणी गार होतं, तो कुरकुरला. मग त्याला खडकावर बसवून केस वाळेपर्यंत मी चाकाच्या खुणेवर हात ठेवून उभी राहिले आणि बोलायचं ते बोलले. मोठ्यानं बोलले. असलं काही मनात बोलून चालत नाही.

“आई, तू कुणाशी बोलत होतीस?” एलियानं विचारलं.

“ज्याच्याकडून तुला मागून आणला, त्याच्याशी.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. त्याला घाई नसते.”

“माझे केस त्याला हवेत का?”

“त्याला कशाला हवेत. दिलेला शब्द त्याला हवा असतो.”

परत येताना तो पुढे पळत होता आणि मोकळे केस त्याच्या पाठीवर उडत होते. तसे ते पुन्हा कधीच दिसणार नव्हते. मी थोडी मागेच राहिले.

मशिदीच्या अंगणात माणसं जमली होती. चुलत, मावस, शेजारचे, आणि बाहेर भिंतीवर गावातली पोरं. मध्ये स्टूल. स्टुलासमोर पाट, पाटावर हिरव्या साडीत दीनाबाई, पदर पसरून. धाकू न्हावी धोकटी उघडून बसला होता. रहमीम हझान खोकत खोकत आले. म्हातारे गृहस्थ, आवाज गेलेला, पण प्रार्थना सुरू केली की गेलेला आवाज कुठून तरी परत यायचा. मलिद्याचं ताट मी चौरंगावर ठेवलं, आणि सांगितल्याप्रमाणे खांबाशी जाऊन उभी राहिले.

भाऊजींनी एलियाला उचलून स्टुलावर ठेवलं. दुकानात माल ठेवावा तसं.

“हां, करा सुरू,” ते हझानांना म्हणाले. “बोट गाठायचीय.”

हझानांनी पुस्तक उघडलं नाही. “नवस कुणाचा?”

“घराण्याचा.”

“घराणं नवस बोलत नसतं, हसकेल. माणूस बोलतं. फिटला म्हणून नाव कुणाचं घेऊ?”

“माझा आहे,” मी खांबापासून म्हटलं.

“मग तिथे काय करतेस? इकडे ये.”

“हझान, ती विधवा आहे,” भाऊजी म्हणाले.

“आहे ना. तिच्या नवऱ्याला मीच पुरलं.” हझानांनी माझ्याकडे बघितलं. “काय बोलली होतीस, सांग. जसं बोललीस तसंच.”

मी पुढे गेले.

“दोन नवस आहेत,” मी म्हटलं. “पहिला एलियाच्या आधीचा. मुलगा जगला तर सहा वर्षं केसांना लोखंड लावणार नाही, आणि उतरवताना माझ्या पदरात घेईन. शालोमच्या समोर बोलले होते. ते आमेन म्हणाले.”

“आणि दुसरा?”

“दुसरा आज पहाटे बोलले. टाप्यावर. एलिया तेरा वर्षांचा होऊन या मशिदीत तोराची पोथी वाचेपर्यंत मी त्याला एक रात्रही माझ्यापासून दूर निजू देणार नाही.”

भाऊजी हसले. त्यांचं ते कचेरीतलं हसू, साहेब बाहेर गेल्यावर शिपायावर हसायचं.

“हे असं आहे, बघा,” ते लोकांकडे वळून म्हणाले. “आज पहाटे म्हणे. उद्या पहाटे आणखी एक बोलेल. ठीक आहे. दोन्ही नवस मी मोडले. घरातला पुरुष म्हणून मोडले. परवाच हिला शास्त्र वाचून दाखवलंय.”

“कुठपर्यंत वाचलंस?” हझानांनी विचारलं.

“बाप मोडू शकतो. नवरा मोडू शकतो.”

“तू हिचा बाप आहेस?”

“नाही, पण—”

“नवरा?”

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “त्यांच्या मागून मी,” ते म्हणाले.

“मागून कुणी नाही. पहिला नवस नवऱ्यानं ऐकला आणि आमेन म्हणाला, तेव्हाच तो पक्का झाला. आणि दुसऱ्याचं म्हणशील तर पुढचं वाक्य वाचलं नाहीस तू.” हझानांना खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले. “विधवेनं बोललेला नवस तिच्यावर कायम राहतो. तो मोडायला कुणी पुरुष नेमलेलाच नाही.”

“पण ही काय—” भाऊजी म्हणाले आणि तिथेच थांबले.

ते का थांबले ते मला दिसत होतं. पुढचा शब्द त्यांनी आदल्या दिवशी गावभर वाटला होता. घाण्यावर वाटला, ओट्यावर वाटला, आत्ता सगळ्यांसमोर हझानांना सांगितला. तो आता परत गोळा करता येत नव्हता.

“सांगा ना भाऊजी,” मी म्हटलं. “मी कोण आहे?”

त्यांनी काडी काढली, परत खिशात ठेवली.

“सगळ्यांना सांगितलंत, मलाही सांगितलंत. हझान विचारतायत, त्यांना सांगा. मी कोण आहे?”

“विधवा,” भाऊजी म्हणाले. इतकं हळू की या खेपेला जवळ यायची पाळी दुसऱ्यांवर आली.

“झालं,” हझान म्हणाले. “पदर बदला.”

दीनाबाई उठल्या. पाटावरून उठताना त्यांचा पाय साडीत अडकला, मी हात दिला, त्यांनी तो घेतला. मग मी बसले आणि माझा जुना, विटका पदर पसरला.

“शेंडी कुठं ठेवायची?” धाकूनं विचारलं. बिचाऱ्याचा जन्म जावळं करण्यात गेलेला.

“शेंडी नको रे बाबा,” हझान म्हणाले. “कानाशी कल्ले ठेव, बाकी सगळं काढ.”

सगळे हसले, आणि अंगणातली माणसं पुन्हा माणसांसारखी श्वास घ्यायला लागली. हझानांनी माझं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. पहिली बट पडली तेव्हा एलियानं डोळे घट्ट मिटले होते. मग एकेक करून केस येत गेले, पहाटेच्या पाण्यानं मुळाशी अजून किंचित ओले. सहा वर्षांचे केस इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. चांदीची वेळ आली तेव्हा कळलं की भाऊजींचा तोलायचा काटा मुंबईलाच राहिला होता. ‘पुढच्या खेपेला’ म्हणाले. मी माझ्या पायातले चांदीचे वाळे काढून ताटात ठेवले. लग्नातले होते.

“आई, डोक्याला वारा लागतोय,” एलिया म्हणाला. तो दोन्ही हातांनी डोकं चाचपत होता.

“लागणारच. आता सवय कर.”

“मग मी जायचं काकांबरोबर?”

“नाही.”

तो स्टुलावरून उतरला आणि भिंतीवरच्या पोरांकडे पळाला, डोकं दाखवायला.

भाऊजींनी मला फाटकापाशी गाठलं. मलिद्याचं पान त्यांच्या हातात होतं, रिकामं. “पुढच्या महिन्यापासून माझ्याकडून दाणा येणार नाही,” ते म्हणाले.

“बरं.”

“सात वर्षं. बघू किती रात्री सांभाळतेस.”

दाणा खरंच आला नाही. शब्द पाळल्याचं त्यांचं तेवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. मी शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले, बायकांच्या चोळ्या शिवल्या, मोहरमला ताबुतावरची झालर शिवली, गणपतीला मखराचा पडदा शिवला. एलियाला कावीळ झाली तेव्हा सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेखाली झोपले. नर्स म्हणाली, बाई, इथे झोपता येत नाही. मी म्हटलं, मग जागी राहते. तो दहा वर्षांचा असताना मास्तरांनी त्याला मुंबईच्या वसतिगृहाच्या शाळेत मोफत जागा मिळवून दिली होती. ती मी सोडली. नवस मी दुसऱ्याला अडवायला बोलले होते, पण तो बांधतो बोलणाऱ्यालाच. ते मला माहीत होतं, आणि तरी मास्तरांना नाही म्हणताना जीभ जड झाली. तेराव्या वर्षी त्यानं त्याच मशिदीत तोरा वाचली. दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर समुद्रावर झोपायला गेला. मी अडवलं नाही.

आता तो सत्तरीला आला आहे आणि डोक्यावर एक केस नाही. नातवंडं टकलावर टपल्या मारतात. भाऊजी इस्राएलला गेले, तिथून रंगीत फोटो पाठवायचे, कोटातले. मी ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचे, धुरात.

पण त्या दिवशी केस अजून पाण्यात सोडायचे होते. अंगण रिकामं झालं होतं. टांगा उभा होता, भाऊजी त्यात जाऊन बसले होते, पाठ आमच्याकडे करून. पदराची मोट धरून मी खाडीकडे निघाले. मागून पावलं वाजली. दीनाबाई होत्या.

बरोबर चालत राहिल्या. खाडीला ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. काठाशी आल्यावर त्या थांबल्या.

“सिपोरा,” त्या म्हणाल्या, “इथपासून पाण्यापर्यंत मी धरू?”

मी त्यांच्याकडे बघितलं. हिरव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. यात ‘हे म्हणतात’ नव्हतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

“पाण्यापर्यंतच,” मी म्हटलं.

“पाण्यापर्यंतच.”

त्यांनी पदर पसरला आणि मी केस त्यात ओतले. सांभाळत, एक एक पाऊल टाकत त्या चिखलातून गेल्या. चांगल्या चपला चिखलात रुतल्या, त्या त्यांनी तिथेच ठेवल्या. पोटरीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि पदरात बघत राहिल्या. मी काठावर उभी होते. मला वाटलं, एखादी बट ही बाई मुठीत ठेवणार. ठेवली तर काय करायचं, ते मी ठरवत होते.

मग त्यांनी पदर सोडला. केस पाण्यावर पसरले आणि जायला लागले. दीनाबाईंनी पदर झटकला. उलटा करून पुन्हा झटकला. पदराच्या काठाला चिकटलेले दोन-चार केस नखांनी वेचले आणि तेही पाण्यात टाकले.

वरून टांग्याची घंटा वाजली. “अगं, चल,” भाऊजी ओरडले. “बोट सुटेल.”

दीनाबाई हलल्या नाहीत. केस दिसेनासे होईपर्यंत त्या पाण्याकडे बघत होत्या.

“सुटू दे,” त्या म्हणाल्या.